सोऱ्या माझ्याकडे

९ एप्रिल. उद्याच्या कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून ठेवला आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगायला गेले. बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत दर उन्हाळ्यात सगळ्यांच्या कुरडया तीच घालते. झोप नाही, जेवण नाही, तोंड मात्र अखंड चालू. “वहिनी, तुम्ही नक्को, सरका!” म्हणत एकटी गच्ची भरून टाकते. पुढे पावसाळाभर दार लावून पडून राहते. दमली असेल, असं आम्ही म्हणायचो.

आज तिने दार उघडलं आणि स्वतःचा पितळी सोऱ्या माझ्या हातात ठेवला.

“तुमच्याकडेच राहू द्या. मी मागायला आले तरी देऊ नका.”

“का गं? कुणी काही बोललं?”

“डॉक्टर बोलले. बायपोलर आहे म्हणे. चाळिशी उलटल्यावर कळलं, बघा! तुम्ही सगळ्या माझा उत्साह म्हणायच्या ना, तो आजार निघाला.”

ती हसली. त्या उत्साहाची आम्ही दर वर्षी वाट पाहत होतो.

“आता मला बोलवायच्या नाहीत ना?” तिने विचारलं.

सोऱ्या घेऊन तशीच वर आले.

१० एप्रिल. सकाळी एकच पातेलं चीक शिजवला आणि तिची बेल वाजवली.

“चल. एवढंच घालायचं. मग सोऱ्या माझ्याकडे आणि तू जेवून झोपायचं.”

“हौ, हेडबाई,” म्हणत तिने चपला घातल्या.