चौदा वर्षं न खाल्लेली मोसंबी

कॉलेजच्या कँटीनमध्ये मी दीड वर्ष एकच वाक्य बोलत आले, "मला पण तेच." माझ्या खोलीतली मैत्रीण प्रज्ञा जे मागवेल ते. एकदा तिनं मोसंबीचा रस मागवला आणि मी पहिल्यांदाच नको म्हटलं.

"आवडत न्हाई की चालत न्हाई?" तिनं विचारलं.

त्याच आठवड्यात राजूरला जायचं ठरवलं.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. पहिलीत नाव घातलं त्या वर्षी आई मला राजूरच्या गणपतीला घेऊन गेली आणि नवस बोलली. पोरगी शिकून, गाडीचा बोर्ड स्वतः वाचून, एकटीनं इथं येईपर्यंत मोसंबी सोडली. आमच्या वडीगोद्रीच्या आसपास मोसंबीच्या बागाच बागा, पण लग्नातल्या ताटातली फोडसुद्धा मी बाजूला सारत आले. आठवीत असताना बागेतून जाताना खोल श्वास घेतला, तर वासानंच नवस मोडला की काय, म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही.

माघातल्या एका शनिवारी सकाळी जालन्याच्या बसस्थानकावर पोचले. राजूर भोकरदनच्या रस्त्यावर आहे, तासाभराच्या आत पोचता येतं. महिलांना अर्धं तिकीट आहे, सुट्टे पैसे मात्र जवळ ठेवा. एक गाडी लागली होती. मी बोर्ड वाचायला पुढच्या बाजूला वळणार, तेवढ्यात एक काका म्हणाले, "राजूरला ना? हीच जाती. बस जल्दी."

झालं. आता ही गाडी मी वाचून ओळखली असं कसं म्हणायचं? ती मी सोडली. काका खिडकीतून माझ्याकडं बघतच राहिले. पुढची गाडी यायला पाऊण तास लागला. तिचा बोर्ड मी ओठ हलवत, शाळेतल्यासारखा वाचला आणि मगच चढले.

डाव्या बाजूची खिडकी मिळाली. शहर मागं पडलं तसं धुकं सुरू झालं. ज्वारीची कणसं धुक्यावर तरंगत होती, खाली धाटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. एक माणूस बांधावरून चालला होता, त्याचेही पाय दिसत नव्हते. शेजारची जागा रिकामी होती. कुणाशी बोलायचं नव्हतं, कुणाला काय हवं ते बघायचं नव्हतं. ही गाडी अशीच चालत राहिली तर बरं, असं वाटलं आणि दचकले. असं काही मला वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

मंदिर उंचावर आहे. चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. शांतपणे दर्शन हवं असेल तर साधा दिवस गाठा. मी दहा मिनिटांत बाहेर आले. गणपतीला काय सांगायचं ते ठरवून ठेवलेलं सगळं विसरले, फक्त "आले" एवढंच म्हणाले.

खाली एका टपरीवर भजी घेतली. सोबतची तळलेली मिरची भज्यांपेक्षा चांगली लागली, म्हणून आणखी दोन मागून घेतल्या. पलीकडं एक म्हातारी मावशी आपल्या झाडांच्या मोसंब्या घेऊन बसली होती. मी एक मोसंबी घेतली, सोलली आणि तशीच हातात धरून उभी राहिले.

"खा की माय," मावशी म्हणाली. "तिच्याकडं काय बघून राह्यली? ती काय बोलणार हाय?"

नवस फेडताना काही रीत असली तर चुकायला नको, म्हणून आधी आईला फोन लावला. बोर्ड वाचून, एकटीनं आले, असं सांगितलं. मग मी विचारलं, आता मोसंबी खाऊ का?

"तुला कोण नको म्हन्लं? मी सोडल्ती मोसंबी. तू कशाला सोडली?"

"मग मी खात नव्हते, ते?"

"मला वाटलं, तुला आवडत न्हाई. तुझ्या बापाला म्हणायचे, पोरीला चिकू आणा."

मी तिथंच पायरीवर बसले. जो नवस माझा नव्हताच तो मी चौदा वर्षं पाळला होता, आणि त्याला सगळं घर माझी आवड समजत होतं. असं आणखी काय काय असेल माझ्यात? राग आला नाही. धुक्यातल्या त्या माणसासारखं, पाय कुठं आहेत ते दिसेना, एवढंच.

मग एक फोड तोंडात टाकली. गोड होती. नुसतीच गोड, पाणचट. दुसरी खाल्ली, तीही तशीच. मला मोसंबी आवडली नाही.

मावशीकडून दोन किलो मोसंब्या घेतल्या. जालन्याला परत येऊन अंबडमार्गे वडीगोद्री गाठली. अख्ख्या वाटेत पिशवी मांडीवर होती आणि एकच घोर होता. आई विचारणार, कशी लागली. जिच्यासाठी तिनं इतकी वर्षं मन मारलं, ती पाणचट लागली असं कसं सांगायचं? आवडली म्हणणं सोपं होतं. मला पण तेच.

आई ओट्यावर वाट बघत होती. पिशवी उघडायच्या आधीच तिनं विचारलं.

"न्हाई आवडली," मी म्हणाले. "लई न्हाई."

तिनं हात पुढं केला. "मंग दे इकडं."

तिनं एकामागून एक तीन खाल्ल्या. रस कोपरापर्यंत ओघळला, बिया ती तळहातावर जमवत होती. मग पदराला हात पुसून म्हणाली, "मंग आवडतं काय तुला?"

घरात हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार केला. "तळलेली मिरची. आन् गाडीत एकटीनं खिडकीला बसणं. बाकीचं बघून राह्यले अजून."

"बघ की," आई चौथी सोलत म्हणाली. "घाई कशाला?"