मिशा मोज, लेका

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे हे लिहिणं आगाऊपणाचं वाटलं, तर माफ करा.

मासे ओळखायला आलेल्या समीरचं, माझ्या वर्गमित्राचं, बोट धरून माझे वडील, आबा, ते माशाच्या तोंडावरून फिरवत होते. "मिशा मोज, लेका. हा गाळातला. ह्याला डोळ्यापरीस मिशांनीच दिसतं."

माझ्या पोटात दुखलं. जन्मभर जाळं ओढणाऱ्या माझ्या बापानं मला कधी नदीत उतरू दिलं नाही. मी खवले, माशांचे पर, सगळं पुस्तकात चाचपडत शिकलो.

काल समीरनं सांगितलं, त्यानं त्या दिवशी आबांना विचारलं होतं, "पोराला का नाही शिकवलं?"

आबा म्हणाले होते, "त्याला नदी कळली असती, तर तो इथनं हलला नसता."