मोठ्या बाबांची तुळई

मी आयुष्यात एकच घर मोडलं. त्यातला एक खिळा, छपराचा एक कवेलूसुद्धा वाया जाऊ दिला नाही. सगळं शाळेला दान केलं. फक्त देताना त्यातलं भूत काढून ठेवायचं राहून गेलं.

घर आमच्या मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं. बालाघाटच्या बाहेर, जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मोठे बाबा जंगल खात्यातून रिटायर झालेले. ना बायको, ना मूल. सोबतीला एक काठी आणि दांडगी भूक. दुपारचे बारा वाजले की ते काठी उचलून डोक्यावरच्या सागवानी तुळईवर तीनदा ठोकायचे. टक, टक, टक! म्हणजे स्वयंपाकीणबाईंनी ताट वाढावं. साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काठीही त्यांच्याबरोबर चितेवर गेली. आणि तेरवी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी बारा वाजता, कुलूप लावलेल्या घरातून आवाज आला. टक, टक, टक.

स्वयंपाकीणबाई संध्याकाळच्या बसने माहेरी निघून गेल्या. (बाईंचं वय सत्तर. माहेरी कोण उरलं होतं, देव जाणे!)

"उन्हानं लाकूड तडकते," मी सगळ्यांना समजावलं. मी दीड वर्ष पॉलिटेक्निकात काढून आलो होतो. (पास होऊन नव्हे. पण आलो होतो.)

"बरोबर बारालेच तडकते? अन् तीनदाच?" आईने विचारलं.

एवढं पुढचं आम्हाला शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती जागा एका राईस मिलवाल्या शेठने घेतली. "दो दिन में गिरा देंगे, लकड़ी भट्टी में!" तो म्हणाला. माझ्या बाबांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. त्याच आठवड्यात लांजीकडच्या आमच्या मूळ गावाहून शाळेचे गुरुजी आले. वादळात शाळेचं छप्पर उडालं होतं. चाळीस पोरं मोहाच्या झाडाखाली बसत होती.

"पाणी लागायच्या आत छप्पर नाई चढलं तर शाळा बंद होते जी," गुरुजी म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"दादा त्याच शाळेत शिकला," बाबा म्हणाले. "त्याचं लाकूड भट्टीत नाई जात. घर पाडायचं नाई, सोडवायचं. एकेक वासा, एकेक कवेलू. सारं शाळेले." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "अन् हे काम आपला इंजिनिअर करन."

मदतीला झनकलाल मिस्त्री होता. साठीचा, वाळलेला, कमी बोलणारा. मी त्याला सांगितलं, प्रत्येक लाकडावर नंबर घालायचा, म्हणजे तिकडे जोडताना घोळ होणार नाही.

"मले आकडे नाई समजत बाबूजी."

मग मी चित्रांची युक्ती काढली! डबाभर गेरू कालवला. दारांवर हाताचा पंजा. खिडक्यांवर डोळा. वाशांवर त्रिशूळ. आणि मधली मुख्य तुळई सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर अख्खा माणूस, हात पसरलेला. मिस्त्रीने सगळं पाहिलं आणि नुसतं "हौ" म्हटलं.

घर सुटायला लागलं. कवेलू उतरले, वासे उतरले, दारं निघाली. आजवर ज्या खोलीत दिवसाही कंदील लागायचा, तिच्यात ऊन भसकन आत आलं. सगळीकडे बोटभर धूळ. फक्त मोठ्या बाबांच्या खुर्चीची जागा तेवढी लख्ख, आत्ताच कुणी पुसल्यासारखी. खुर्ची तर आम्ही हिवाळ्यातच घरी आणली होती. तंबाखूचा वासही येत होता. पुडी आहे का म्हणून मी खिसा चाचपला. मग आठवलं, मी तंबाखू खात नाही.

तिसऱ्या दिवशी तुळई खाली आली. अंगणात, उघड्यावर, चार दगडांवर ठेवलेली. वर छप्पर नाही, जवळ माणूस नाही. बारा वाजले.

टक. टक. टक.

"मिस्त्री!" माझ्या हातातला गेरूचा डबा माझ्याच धोतरावर सांडला. "आयकलं का?"

"आयकलं ना जी. मोठे बाबूजीले भूक लागली." त्याने आपल्या डब्यातला मूठभर भात पळसाच्या पानावर काढून तुळईपाशी ठेवला आणि उरलेला निवांत खात बसला. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी गावाहून सात बैलगाड्या आल्या. बरोबर गुरुजी, पाटील आणि बालाघाटचा बाजार बघायला म्हणून फुलवंताबाई नावाची एक म्हातारी. पाटलांनी लाकडाचा ढीग पाहिला. लाल पंजे. लाल डोळे. त्रिशूळ. आणि तो हात पसरलेला माणूस. शेजारी पळसाच्या पानावर वाळका भात. आणि त्या सगळ्याच्या मधोमध कालच्याच लालभडक धोतरातला मी!

"हे काहून केलं बाबूजी?" पाटील चार पावलं मागे सरकले. "हे लाकूड तं भारलेलं आहे!"

"छे हो, खुणा आहेत नुसत्या! थांबा, धुऊन दाखवतो!"

मी बादलीभर पाणी तुळईवर ओतलं. आयुष्यातल्या माझ्या चुकांमध्ये हिचा नंबर बराच वर लागतो. गेरू सुटला, त्या पसरलेल्या हातांवरून लाल ओघळ खाली आले आणि तुळईतून थेंब थेंब गळायला लागले. पुढच्या गाडीचे बैल बिथरले. गाडीवानाने देवाचं नाव घेतलं.

"गाड्या फिरवा!" पाटील ओरडले.

गुरुजींनी परत चष्मा काढला. पण या खेपेला ते तो पुसत नव्हते, नुसता हातात धरून उभे होते. आकाशात जंगलाच्या बाजूने काळं भरून येत होतं. माझ्या हुशारीपायी चाळीस पोरांची शाळा बुडत होती, आणि मला खरोखर रडू येत होतं.

अशात बारा वाजले. भिजलेल्या, लाल गळणाऱ्या तुळईतून सगळ्यांच्या देखत आवाज आला. टक, टक, टक.

कुणी हललं नाही. फक्त फुलवंताबाई गाडीतून उतरली आणि काठी टेकत तुळईपाशी आली.

"कोनाचं भूत आहे हे?"

"आमच्या मोठ्या बाबांचं," मी कसाबसा म्हणालो.

"कोन, सखाराम? माह्या भावासंगं शाळेत होता तो! बारा वाजायच्या आंधीच भूक लागली म्हनून पळून यायचा, अन् आमच्या घरी ताकभात खायचा. चार बुकं पुरी नाई केली त्यानं." तिने तुळईवर थाप मारली. "आता बस लेका शाळेत दिवसभर! पाटील, चढवा गाडीत."

गावात तिच्या शब्दाबाहेर पाटीलही नसावेत. तासाभरात सातही गाड्या भरल्या.

पहिला पाऊस लागला तेव्हा छप्पर चढून दोन दिवस झाले होते. शाळा उघडली त्या दिवशी बाबांनी मला पाठवलं. गावकऱ्यांनी हार घातला. नवं छप्पर बघून गुरुजींचे डोळे भरून आले आणि माझी छाती फुगली.

"तुळईची खूण धुऊन गेली, तरी एक वासा चुकला नाई!" मी म्हणालो. "मिस्त्रीच्या डोक्यात मी खुणा आधीच पक्क्या बसवल्या होत्या ना."

"जोडताना खुना मी पायल्याच नाई बाबूजी," छप्पर चढवायला तिकडे गेलेला मिस्त्री सहज म्हणाला. "मले सारं ध्यानात राह्यते."

"मग मले चार दिवस चित्रं काहून काढू दिली?"

"तुमचे हात लय कापून राह्यले होते. म्हनलं, हातात पटाशी घेऊन बाबूजी बोट तोडून घेतीन. त्याच्यापेक्षा गेरू बरा."

पाटील हसले. पोरं हसली. माझे कान तापले.

"मी कापत नव्हतो!" मी गरजलो. "मी पॉलिटेक्निकात होतो! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास..."

वरून आवाज आला. टक, टक, टक.

शाळेला घंटा नव्हती. तेव्हा ही टकटक म्हणजेच आता जेवणाची सुट्टी! चाळीस पोरं ओरडत दाराकडे धावली. पण दारातून पहिला बाहेर पडलो तो मी. गळ्यात हार, हातात चपला, आणि थांबलो तो थेट मोहाच्या झाडाखाली.

तिथे फुलवंताबाई ताकभात घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि वाडगा पुढे केला.

"अगदी मोठ्या बाबावर गेलं पोरगं," ती म्हणाली. "तोही असाच पळायचा."