सावरीच्या खोडावरचा झेंडू

माझे बाबा धावड्याच्या लाकडाचे दांडे करायचे. सेलूच्या बाजाराच्या दिवशी लोक मोडकी कुऱ्हाड घेऊन आमच्या घरी येत आणि दुसऱ्या दिवशी नवा दांडा बसवलेली कुऱ्हाड घेऊन जात. दांडा बसला की बाबा ती रात्रभर पाण्यात ठेवत. लाकूड फुगतं आणि पात्यात घट्ट बसतं. सकाळी घराच्या मागच्या वाळक्या खोडावर ती कुऱ्हाड तीनदा फेकून पाहायची. तीन फेकींत पातं जराही हललं नाही, तर दांडा पास.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. बाबांचा खांदा दुखायचा, म्हणून ते फेकण्याचं काम माझ्याकडे आलं. खोडापासून पाच पावलं मोजायची, एक पाय मागे ठेवायचा. बाबा म्हणत, "जोर लावू नको बाई. कुऱ्हाड फेकाची नाई, सोडाची." सोडली की ती हवेत एक गिरकी घेई आणि खोडात जाऊन बसे. ती गिरकी मला फार हळू दिसायची. वाटायचं, हातातून सुटल्यावर कुऱ्हाडीला जरा डुलकी लागते आणि लाकूड आलं की तिला जाग येते.

लग्नात बाबांनी भांड्यांसोबत एक कुऱ्हाडही दिली, नव्या दांड्याची. आणलं काय तर कुऱ्हाड, म्हणून बायका हसल्या होत्या. सासर जाम गावाजवळच्या खेड्यात. त्या कुऱ्हाडीने मी तिथे दहा वर्षं सरपण फोडलं, पण एकदाही ती फेकली नाही. आपल्याला फेकता येते हे कुणाला सांगितलंही नाही. मी कुणालाच काही सांगत नसे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही विचारायच्या तेव्हा मी मान हलवायची. होयला एकीकडे, नाहीला दुसरीकडे. त्या चिडायच्या. म्हणायच्या, भिंतीशी बोललं तर निदान आवाज घुमून परत येतो.

मुलगी तिसरीत होती त्या हिवाळ्यात शेतात रोडग्यांचं जेवण ठरलं. कापसाची दुसरी वेचणी झाली होती. हिंगणघाटहून नणंद, तिचा नवरा म्हणजे आमचे नंदोई, आणि त्यांची पोरं आली. नंदोयांचं तिकडे कापडाचं दुकान. जामहून माझ्या नवऱ्याचा मित्र आला, तो हायवेवर पंक्चर काढायचा. दुपार कलल्यावर आम्ही सगळे बैलगाडीने शेतात गेलो. बायकांनी रोडग्यांची कणीक मळली, ते भाजायला गोवऱ्या रचून पेटवल्या. माणसांना सरपण फोडायला सांगितलं होतं. त्यांनी चार ढलप्या काढल्या आणि माझी कुऱ्हाड खाली ठेवून गप्पा मारत बसले.

नंदोई सांगत होते की जत्रेत एक माणूस फळीवर सुऱ्या फेकायचा, एकही चुकत नसे. मित्र म्हणाला, त्यात काय मोठं, सुरी कोणीही फेकेल, कुऱ्हाड फेकून दाखवा. तिथून तो खेळ सुरू झाला. विहिरीजवळ सावरीचं एक वाळलेलं खोड उभं होतं, छातीएवढं उंच. सावरीचं लाकूड मऊ असतं. माझ्या नवऱ्याने मचाणीवरून पोळ्याचा उरलेला रंग काढला, बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल, आणि खोडावर हाताएवढा गोल काढला. मुलीने त्याच्या मधोमध एक झेंडूचं फूल खोचलं. जो फूल पाडेल तो जिंकला. मग पोरांना गाडीच्या मागे बसवलं.

पहिला मान जावयाचा, म्हणजे नंदोयांचा. ते बाह्या सारून दहा पावलं मागे गेले आणि सगळ्या अंगाने कुऱ्हाड भिरकावली. ती खोडाला दांड्याने धडकून तुरीत पडली. मित्राची खोडापर्यंत पोचलीच नाही. नवऱ्याची खोडाला वळसा घालून विहिरीच्या काठावर आदळली.

नणंद कणीक मळता मळता म्हणाली, "बाप्पा, हे लोक कुऱ्हाड हरवायला आले का फेकायला?"

सगळे हसले. नंदोई म्हणाले, खोडच वाकडं आहे. नणंद म्हणाली, दुकानात कापड वाकडं फाडता तेव्हाही कात्रीचाच दोष असतो.

मी रोडगे वळत होते. हाताला कणीक होती, पण बोटं आत दांडा धरल्यासारखी मिटत होती. त्यांची चूक मला दिसत होती. पाच पावलं, एवढंच. ऊन कलंडलं होतं आणि बोंडांत उरलेला कापूस पिवळसर दिसत होता. मनातल्या मनात मी ती पाच पावलं मोजली, एक पाय मागे घेतला, कुऱ्हाड सोडली. किती वेळा सोडली असेल कोण जाणे. मला एकदा, फक्त एकदा ती खरोखर सोडायची होती. पण सासरच्या माणसांसमोर, जावयासमोर, "मी मारू का" एवढे तीन शब्द माझ्या तोंडात येईनात. नणंदेने सहज विचारलंही, वहिनी, मारतेस का. माझी मान सवयीने नाहीकडे हलली.

तेवढ्यात आत्याबाई नाल्यावरून वांगी धुऊन आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजेड कमी झाला होता. त्या खोडापाशी थांबल्या. लाल गोल, त्यात झेंडू. आमच्याकडे असं दिसलं की कोणी विचारत बसत नाही. त्यांनी पाटी खाली ठेवली, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. नंदोई कुऱ्हाड उचलून पुन्हा पाय रोवत होते, त्यांनी ती हळूच पाठीमागे नेली. जावयासमोर म्हातारीला कसं सांगणार की तू शिंगाच्या रंगाच्या पाया पडून राह्यली?

जमीन उंचसखल होती, म्हणून मी त्यांचा हात धरायला उठले. जवळ गेले तेव्हा त्या डोळे मिटून हळू आवाजात बोलत होत्या.

"देवा, हे माही सून. दहा वर्सं झाले घरात येऊन. गुणाची हाय, पण तिच्या मनात काय हाय ते मले समजत नाई. तिले बोलतं कर. मंगळवारी मी पायी येऊन नारळ फोडीन."

मला वाटायचं, त्यांना माझा राग आहे. कधी वाटलं नव्हतं की त्या दहा वर्षं माझ्या शब्दाची वाट पाहत आहेत. मागे गोवऱ्यांचा धूर जमिनीलगत पसरत होता आणि खोड, फूल, आत्याबाई सगळं त्यात तरंगत असल्यासारखं झालं. गप्प राहणं सोपं होतं. पण त्यांचे गुडघे दुखायचे. गावापासून शेत दोन कोस. आणि हे मागणं त्या माझ्यासाठी मागत होत्या. ते नुसत्या रंगापुढे वाया जाऊ देणं मला बरं वाटेना.

"आत्याबाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की माझा मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "आत्याबाई, तो देव नाई. शिंगाचा रंग होय तो. कुऱ्हाड फेकाचं निशाण होय."

मागे नणंदेचे हात कणकेत थांबले. आत्याबाईंनी डोळे उघडले, वाकून जवळून पाहिलं, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. आता त्या रागावतील, असं मला वाटलं.

त्या म्हणाल्या, "देव नाई म्हणते. अन् बोलली त."

मग त्यांनी चपला पायात घातल्या आणि जावयाकडे वळून विचारलं की कोणाची लागली. कोणाचीच नाही, हे कळल्यावर त्या माझ्याकडे पाहू लागल्या. तोंड उघडलंच होतं, आता ते मिटण्याआधी मी म्हटलं, "मले येते."

नंदोयांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. दांड्याला दहा वर्षांत माझ्या हाताचा गुळगुळीतपणा आला होता. मी पाच पावलं मोजली. नवरा म्हणाला, इतक्या जवळून का. तोवर कुऱ्हाड माझ्या डोक्यावर होती. मी ती सोडली. तीच हळू गिरकी, आमच्या घरामागची. पात्यावर उजेड एकदा लकाकला आणि पुन्हा अंधारला. ठक्. पातं फुलाच्या बोटभर खाली बसलं होतं. फूल जागेवरच राहिलं. नियमाप्रमाणे मी हरले होते, पण कोणी नियम काढला नाही. नणंद माझ्या पाठीवर कणकेचे हात मारत होती.

जेवायला बसलो तेव्हा आत्याबाईंनी पहिला रोडगा फोडला, त्यावर तूप सोडलं आणि एक घास नेऊन त्या खोडाच्या बुडाशी ठेवला. मुलगी म्हणाली, आजी, तो देव नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

परतताना गाडीत त्या माझ्याजवळ बसल्या. त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं? आणि मी सांगत गेले. धावड्याचं लाकूड, रात्रभर पाण्यात ठेवलेली कुऱ्हाड, बाबांचा दुखरा खांदा. बैल आपल्या चालीने चालत होते. माझाच आवाज मला गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून येतोय असं वाटत होतं. तीन फेकींत पातं हललं नाही तरच दांडा पास, हेही मी सांगितलं.

आत्याबाईंनी मांडीवरच्या कुऱ्हाडीचं पातं धरून हलवून पाहिलं. ते घट्ट होतं.

"मंग अजून दोन राह्यले तुये," त्या म्हणाल्या.