उलट्या पायांचा पेशंट

आयुष्यातली पहिली नोकरी मी गमवायच्या बेतात आले ती एका कार्टूनमधल्या विधवेमुळे.

हैदराबादला एका डबिंग स्टुडिओत मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. बिदरला हिंदी घेऊन बी.ए. केलेलं, घरी मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी. एवढ्या भांडवलावर मला वाटायचं की भाषेतलं आपल्याला कोण काय शिकवणार! काम होतं परदेशी मालिकांचे संवाद हिंदीत लिहिण्याचं. तिसऱ्या महिन्यात स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडमनी माझ्या हातात एक सीडी आणि इंग्रजी संवादांचे कागद ठेवले. एका कार्टून मालिकेचा भुतांचा खास भाग. बसड्रायव्हर नवरा, कजाग बायको, दोन पोरं आणि बहिरी सासू असं ते कुटुंब. वर्षभर त्यांच्या साध्या घरगुती गमती चालतात. पण ऑक्टोबरच्या शेवटी तिकडे भुतांचा सण असतो, लोक भुतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात, आणि त्या सणाला ही मालिका एक भाग निव्वळ भुताखेतांचा काढते. त्यात तीन छोट्या गोष्टी असतात.

"हा भाग चांगला उतरला तर तुला कायम करू," मॅडम म्हणाल्या.

मी चार दिवसांत लिहून दिलं. दुसऱ्या गोष्टीत बसड्रायव्हर मरतो, बायको थडग्यापाशी बसून रडते आणि रडता रडता एकदम आपल्याकडे वळून हसते. ते लिहिताना माझ्याच डोळ्यांना पाणी आलं होतं. संसाराची वीस वर्षं आठवून ती बाई हसतेय असं समजून मी तिच्या तोंडी चांगलं पाऊण पान घातलं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही बाई टूथपेस्टची जाहिरात करतेय," त्या म्हणाल्या. "तिकडच्या एका जुन्या जाहिरातीची नक्कल आहे ही. म्हणून दात दाखवते."

मग त्यांनी मला समजावलं. या भागातलं निम्मंअधिक म्हणजे कशाच्या ना कशाच्या नकला होत्या. जुने काळेपांढरे भुतांचे सिनेमे, प्रश्नमंजुषा, बातम्या, जाहिराती. तिकडच्या लोकांना त्या ओळखू येतात म्हणून ते हसतात. आपल्याकडे कुणी ओळखणार नाही. तेव्हा नक्कल कुठे कुठे आहे ते हुडकायचं आणि त्या जागी आपल्या लोकांना ओळखू येईल असं काहीतरी बसवायचं. "सोमवारी सकाळी दे," त्या म्हणाल्या. दिवस गुरुवारचा होता.

मूळ माल ज्यानं कधी पाहिलाच नाही त्यानं नक्कल ओळखायची कशी? इंटरनेट कॅफेत बसून पाहिलं. त्या भागाचं कौतुक तिथे भरपूर होतं, पण ते सगळं आधीच माहीत असलेल्यांनी एकमेकांना टाळ्या देत लिहिलेलं. मला आधी मॅडमचा राग आला, मग त्या बसड्रायव्हरचा आणि शेवटी स्वतःचा. माझा राग असाच सगळ्यांच्या घरी जाऊन मग माझ्याकडे मुक्कामाला येतो. शुक्रवारी मी सीडी पिशवीत घातली आणि बिदरला गाडी बदलून आमच्या गावी, संतपूरला निघाले.

नक्कल कशाला म्हणतात हे पुरतं जाणणारा एकच माणूस माझ्या ओळखीत होता. ते म्हणजे माझे वडील, अप्पा. आणि त्यांना याबद्दल विचारायचं तोंड मला नव्हतं.

अप्पा तसे साधे शेतकरी. आजोबांपर्यंत मेंढरं होती, अप्पांच्या हाती सोयाबीन आणि तूर आली. पण मोहरमात गावात पिरं, म्हणजे कापडानं सजवलेले पंजे, बसली की अप्पा वेगळेच होत. आमच्याकडे मोहरम सगळ्या गावाचा. सोंगं निघत. कुणी वाघ होई, कुणी अस्वल. अप्पा मात्र माणसं व्हायचे. तलाठी, बँकेतला साहेब, रविवारी सकाळी टीव्हीवर येणारे देव. हवामान सांगणारी बाई तर ते अशी करत की गावातल्या निम्म्या लोकांनी तिला आधी अप्पांच्या अंगात पाहिलं आणि मग टीव्हीवर. खरी बाई पडद्यावर आली की लोक तिलाच हसायचे. आणि शेवटी यायचा तो भुतांवर इलाज करणारा डॉक्टर. तो आल्याशिवाय बायाबापड्या घरी जात नसत.

मी दहावीत असताना माझ्या वर्गातल्या मुली शाळेच्या गावाहून, औरादहून मोहरम बघायला आल्या. अप्पा आईची हिरवी साडी नेसून हवामान सांगत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं त्यांच्या चालीची नक्कल केली आणि सगळा वर्ग खिदळला. घरी येऊन दप्तर फेकून मी म्हणाले, "लोकं तुम्हाला हसत्यात, अप्पा. माझी लाज काढलात. बंद करा हे." अप्पा बैलांना पेंड कालवत होते. त्यांनी हात धुतला, बरं म्हणाले आणि पुढच्या मोहरमात घरीच बसले. विचारणाऱ्याला सांगितलं, गुडघे दुखायलेत. त्यानंतर सात वर्षं त्यांचे गुडघे बरोबर मोहरमात दुखत आले होते. मी त्यांना एकदाही म्हणाले नव्हते की माझं चुकलं. म्हणायचं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं. जे एका वाक्यात बंद पाडलं ते पुन्हा कसं सुरू करायचं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

सीडी प्लेअर शेजारी मुजावर चाचांकडे होता, त्यांच्या मुलानं सौदीहून पाठवलेला. चाचा म्हणजे पिरांची देखभाल करणारे, अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. शनिवारी दुपारी करंट आला तसे आम्ही तिघं त्यांच्या ओसरीत बसलो. मी अप्पांना फक्त एवढंच सांगितलं की माझं काम अडलंय, हे बघा आणि कुठं काय वाटतं ते सांगा. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ते बघत राहिले. बसड्रायव्हर काळी झूल पांघरून दारात आला तसे ते म्हणाले, "थांबव."

चाचांनी बटण दाबलं.

"ह्यो आता कुणाची तरी नक्कल केला."

"कशावरून, अप्पा?"

"उगंच थांबला की. दार उघडून आत यायला एवढा येळ कामून लागायलाय? लोकांनी वळखावं म्हणून थांबलाय. सोंग घेतलेला माणूस आला की पयलं नुसतं उभं ऱ्हातो. लोकं आपसात म्हणत्यात, अरे, ह्यो तर अमका. मग तोंड उघडायचं. आधीच बोलला तर मातेरं."

मी कागद काढला. मग असं सुरू झालं की अप्पा थांबव म्हणत, चाचा बटण दाबत आणि मी मिनिट, सेकंद लिहून घेत होते. ती विधवासुद्धा त्यांनी बरोबर पकडली. "ही बाई रडायलीच न्हाई. रडणारा माणूस मान एवढी सरळ ठेवतो का? ही काहीतरी इकायलीय." मी चार दिवस घासून जे मला दिसलं नाही ते त्यांना एका मानेवरून दिसलं होतं. एका ठिकाणी मात्र ते चुकले. बसड्रायव्हर हात वर करून बराच वेळ थांबला तेव्हा अप्पा म्हणाले, ही सगळ्यांत मोठी नक्कल. प्रत्यक्षात सीडी अडकली होती. चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला.

दोन पानं भरली. अप्पा त्या गोठलेल्या चित्राकडे बघत होते. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे करणाऱ्याला घरात कुणी काय म्हणत न्हाई का गं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चाचांनी प्लेअर पुढे चालू केला.

तिसऱ्या गोष्टीत एक मढं थडग्यातून उठतं. घाईत त्याचे पाय उलटे जोडले गेलेले असतात आणि डॉक्टर त्याला टेबलावर सारखं पालथं-उताणं करत असतो. तिकडच्या कुठल्या सिनेमाची ही नक्कल होती ते मला आजही माहीत नाही. पण ते बघून चाचांनी मांडीवर थाप मारली. "अरे, ये तो तुम्हाराच डॉक्टर है भाई! इसमें वोच डालो ना."

"ते जुनं झालं," अप्पा म्हणाले.

"सांगा की, अप्पा," मी म्हणाले. "मला सगळं नीट आठवत न्हाई." हे खोटं होतं. मला ते पाठ होतं.

अप्पांनी सांगितलं, पण नुसतं सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. पेशंट भूत आहे, त्याचे पाय उलटे. डॉक्टर सुई भरून म्हणतो, पालथा झोप. भूत झोपतं. डॉक्टर बघतो तर पायाची बोटं वर. पालथा झोप म्हणलो की! झोपलोय की, डॉक्टर! "हितं थांबायचं," अप्पा म्हणाले. "डॉक्टर एकदा तोंडाकडं बघतो, एकदा बोटांकडं बघतो. लोकांना बघू द्यायचं. मग म्हणायचं, मग सुई कुठं देऊ?"

"करून दाखवा की."

"सांगितलो की. ल्ही," अप्पा म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

रविवारचा सगळा दिवस मी लिहीत होते. विधवेच्या जागी कपड्यांच्या साबणाची जाहिरात आली, काळ्या झुलीच्या जागी रविवारच्या देवांचं भारी हिंदी आलं, सासूच्या तोंडी निवडणुकीच्या जीपवरच्या भोंग्याची भाषा गेली. डॉक्टर मात्र अप्पांनी सांगितला तसाच उतरवला, थांब्यासकट. रात्रीच्या गाडीनं मी हैदराबादला परतले आणि सोमवारी मॅडम कागद उलटत गेल्या. साबणापाशी त्या नाकातल्या नाकात हसल्या, सासूपाशी ओठ दाबले आणि सुईपाशी त्यांना हसू आवरेना. बाहेर बसलेल्या माणसाला आत बोलावून त्यांनी तेवढं पुन्हा वाचून दाखवलं. "हे कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घरून. 'माझ्या वडिलांचं आहे' असं सरळ म्हणायला तेव्हाही माझी जीभ वळली नाही, याची मला आज चीड येते. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा त्या भागाची जाहिरात टीव्हीवर सुरू झाली होती. चाचांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. भाग लागायचा त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्यांची ओसरी भरून माणसं अंगणात आली. टीव्ही उंबऱ्यावर आणून ठेवला होता. अप्पा मागे भिंतीला टेकून उभे होते. बसड्रायव्हर देवांसारखं हिंदी बोलू लागला तसे लोक हसले. सासूला तर एका म्हातारीनं नाव घेऊन ओळखलं, अमक्या पक्षाचा भोंगा म्हणून. मग डॉक्टर आला. पालथा झोप, म्हणाला. अंगणात एकदम कुजबूज झाली. आणि त्या कार्टूनमधल्या डॉक्टरनं तोंड उघडायच्या आत चाळीस-पन्नास लोक एका आवाजात ओरडले, "मग सुई कुठं देऊ?"

सगळे मागे वळले. टीव्हीत काय चाललंय ते कुणी बघेना. लोक अप्पांकडे बघत होते, हसत होते, हातानं खुणावत होते. सात वर्षांत कुणी काही विसरलेलं नव्हतं. अप्पांनी नाकाशी बोट नेलं आणि म्हणाले, "घाई केला त्या डॉक्टरनं. अजून एक दम थांबाया पाहिजे होता."

"तो तुम करके बताओ ना," चाचा म्हणाले.

अप्पा हलले नाहीत. त्यांनी लोकांकडे पाहिलं नाही, चाचांकडे पाहिलं नाही. सगळ्या डोक्यांवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहावीतल्या एका मुलीचा हुकूम तो माणूस अजून पाळत होता, आणि तो मोडायची परवानगी भर अंगणात, नजरेनं, तिलाच मागत होता. मला इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नाही आणि इतकं सोपंही कधी वाटलं नाही.

"माझं चुकलं होतं, अप्पा," मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले. "करा. मला बघायचंय."

चाचांनी टीव्ही बंद केला. लोकांनी सरकून मधोमध जागा केली. अप्पा भिंतीपासून सुटले, त्या जागेत आले आणि काही न बोलता नुसते उभे राहिले.