काटे पाडणारा, काटे वेचणारा

साठी उलटलेल्या माणसानं एकावेळी एकच काम करावं, असा काही कायदा नाही. पण असायला हवा होता, असं सांडूकडे बघून कुणालाही वाटलं असतं. त्याच्या मागे दोन कामं होती आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली. एक, बायकोच्या शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या पाडायच्या. दुसरं, जालन्याच्या सायकलवाल्यांच्या वाटेवरचे बाभळीचे काटे वेचायचे. देवानं माणसाला दोन हात दिले ते याच्यासाठी नक्कीच नसावेत.

अंबडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला सांडूची वाडी. बापाच्या काळात मेंढरं होती, ती गेली. आता बायकोच्या, आसराबाईच्या शेळ्या तेवढ्या राहिल्या. शेळ्या 'आसराबाईच्या' म्हणायचं कारण असं, की पहिली शेळी तिनं माहेराहून दोरी धरून आणली होती आणि आजचा सगळा कळप त्याच शेळीचा वंश. त्यांना सांडूनं कधी 'माह्या शेळ्या' म्हटलं, की ती नुसती बघायची. तेवढं बघणं पुरायचं.

सायकलींचं खूळ आणलं भागवतशेठनं. जुन्या जालन्यात त्याची धान्याची आडत. साखर वाढली म्हणून डॉक्टरनं व्यायाम सांगितला, तर या गड्यानं दोन म्हशी येतील एवढ्या किमतीची सायकल घेतली, आणि सडकेवर ट्रक अंगावर येतात म्हणून डोंगर धरला. एकाचे दहा झाले. जंगलातून, पळसाच्या आणि सागाच्या झाडांमधून उतरून वाडीच्या गायरानात येणारी जुनी पायवाट त्यांनी पसंत केली, वनखात्याची न् ग्रामपंचायतीची परवानगी घेतली. नाव दिलं 'ट्रेल'. वाडीतली माणसं ट्रेल म्हणाली नाहीत. 'सायकलीची वाट' म्हणाली.

वाट झकास होती, पण शेवटचा उतार बाभळीच्या रानातून. रबरी चाकाला बाभळीचा काटा म्हणजे उंदराला मांजर. भागवतशेठनं सांडूला कामावर ठेवलं. रविवारी सायकली यायच्या, म्हणून शनिवारी खराटा घेऊन अख्खा उतार झाडायचा.

हे ठरलं तेव्हा आसराबाईचा खांदा धड होता. पुढं एकदा पाल्याचा भारा डोक्यावरून उतरवताना ती कोलमडली, आणि तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. उन्हाळ्यात शेळीला हिरवं म्हणजे बाभळीचा पाला न् शेंगा, आणि तो पाडायला लांब काठीला विळा बांधलेली आकडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरावी लागते. सांडू म्हणाला, "तू शेळ्या राख. पाला म्या पाडतो."

"वाटंवर न्हाई हां," आसराबाई म्हणाली. "सायकलीच्या पोरांना काटा लागन. डोंगराच्या पल्याड ओढ्याला जा."

"पल्याडच जातो की."

आणि तो जायचा. खरंच जायचा. पण डोंगर चढून पल्याड जायचं, पाडायचं, भारा करून परत यायचं, हे गुडघे किती दिवस ऐकून घेणार? एका सकाळी सांडू चढाच्या मध्यावर बसला आणि त्याला उठवेना. समोर उताराची बाभूळ शेंगांनी लदलदलेली. त्यानं तिथंच आकडी घातली. आसराबाईला सांगितलं, पल्याडून आणलं.

मग ती सवयच झाली. आठवडाभर वाटेवर पाडायचं, शनिवारी आपणच पाडलेले काटे आपणच वेचायचे. रविवारी मात्र तो इमानानं पल्याड जायचा, कारण सायकलींना रविवार असतो आणि शेळ्यांना नसतो. काटे वेचताना कमरेत कळ यायची तेव्हा त्याच्या मनात येई, यातलं एक काम कुणीतरी आपल्याकडून काढून घ्यावं. कोणतं, ते त्याला सांगता आलं नसतं. रात्री गुडघ्याला तेल चोळताना तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.

होळी होऊन गेल्यावरचा एक रविवार. सांडू उठला तोच मेल्यासारखा. पल्याड जायचं म्हणून निघाला आणि उताराच्या बाभळीपाशी पाय थांबले. 'चार फांद्या पाडू, लगेच उचलू,' म्हणाला. पाडल्या, उचलल्या. एक वाटेच्या वळणावर घरंगळली होती, ती अर्धवट उजेडात त्याला दिसलीच नाही.

सायकली आल्या. सगळ्यांत पुढं भागवतशेठची पुतणी शिवकन्या. जालन्यातच मस्तगडला राहणारी कॉलेजातली पोर, राज्याच्या सायकल संघातल्या निवडीसाठी तयारी करत होती, उतारावर पाखरासारखी यायची. वळणावर फांदी चाकात गेली आणि पोर दगडांवर जाऊन पडली. ओरडण्याचा आवाज वाडीपर्यंत आला. सांडू धावत गेला. पोरगी मनगट धरून बसली होती, आणि मनगट जिथं वाकू नये तिथं वाकलं होतं.

तेवढ्यात शेळ्या घेऊन आसराबाई वर आली. शेळ्यांना काय, त्या फांदी दिसताच तुटून पडल्या. भागवतशेठनं फांदी ओढून घेतली. कापाचं ओलं पांढरं तोंड त्याच्या हातात होतं.

"मामी, ही फांदी कुणी पाडली?"

आसराबाईनं फांदी बघितली, वरची बाभूळ बघितली आणि मग सांडूकडे बघितलं. तिला सगळं कळलं, हे सांडूलाही कळलं.

"म्या," ती म्हणाली.

"मंग ऐका. उद्यापासून या गायरानात तुमची एक शेळी दिसायची न्हाई. सरपंचांशी मी बोलतो. बिलकुल न्हाई."

आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी सांडूला हायसं वाटलं. शेळ्या जातील, आकडी जाईल, एक काम उतरेल. गप्प राहिलं की झालं. बायको स्वतःच तर ओढवून घेऊन राह्यली! मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. उजवा हात पदराखाली धरून ती उभी होती, आणि तिची आवडती पाठ, कळपातली तरणी शेळी, तिच्या पायाला अंग घासत होती. सांडूला स्वतःची किळस आली.

"आसरे, हात वर कर," तो म्हणाला.

"गप बसा तुमी."

"कर वर. दाखव शेठला."

तिनं केला नाही. त्यानंच हलकेच तिचं कोपर धरून उचललं. छातीशी येताच ती कळवळली.

"हिचा हात इथून वर जात न्हाई शेठ. ही काय आकडी लावनार? फांदी म्या पाडली. रोज म्याच पाडतो."

"अन् वेचतं कोण?" शेठनं विचारलं.

"तेबी म्याच."

मागं कुणीतरी हसलं आणि शिवकन्येकडे बघून गप्प झालं. भागवतशेठनं हातातली फांदी वाटेबाहेर फेकली. मग म्हणाला, "मामा, शनिवारी येऊ नका आता." पोरीला सावरत ते सगळे गाडीकडे उतरून गेले. शेळ्यांबद्दल तो काहीच बोलला नाही.

दोघं तिथंच राहिले. सांडू वाटेच्या कडेला बसला.

"पल्याड जातो म्हनून सांगायचे," आसराबाई म्हणाली. "कामून खोटं बोलले?"

"थकलो गं."

"मंग सांगायचं. लगीन म्या तुमच्यासंगं केलं, शेळ्यांसंगं न्हाई. निम्म्या इकल्या असत्या."

"तू तरी कुठं इचारलं?"

ती चपापली. मग त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तेल चोळताना दिसायचं मला," ती म्हणाली. "भ्याव वाटायचं. थकलो म्हनले, तर मंग पुढं काय करायचं? म्हनून इचारलं न्हाई."

सांडूच्या डोळ्यांत पाणी आलं. एकमेकांना सांभाळायचं म्हणून दोघं गप्प राहिली होती, आणि त्यात तिसऱ्याचीच पोर मोडून पडली होती.

"दवाखान्यात जाऊन पोरीला बघून येऊ," आसराबाई म्हणाली. "फाट्यापोत्तर पायी चालवंल का तुमच्यानं?"

सांडूच्या तोंडी नेहमीचं 'चालवंल की' आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई चालवनार."