गंगावनातले केस

युद्धाच्या दिवसांत मी सांगलीला एका कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. राहायला भाड्याची खोली, जेवायला खानावळ आणि दिवसभर सोबतीला बाटल्यांतले बेडूक. चार वर्षांत माझ्याकडे चहाला म्हणून कुणी आलं नव्हतं. येणार तरी कसं? स्वभाव तिरसट, आणि दोष मात्र मी गावाला देत असे.

एका दुपारी कऱ्हाडकडचे फौजदार प्रयोगशाळेत आले. सोबत मलकापूरची एक पन्नाशीची बाई होती. तिची लेक सासरहून आठ दिवस बेपत्ता होती. जावई पलटणीत, कुठंतरी लांब. सासरचे म्हणत, पळून गेली. गावात मात्र वेगळंच बोललं जात होतं, कारण नदीकाठच्या झुडपात केसांचा एक लांब शेपटा अडकलेला सापडला होता. तो मुंबईला सरकारी तपासणीला जायचाच होता, पण तिकडून उत्तर यायला महिने लागत. तेवढा दम कुणाला नव्हता.

बाईनं लेकीचं गुंतवळ आणलं होतं. विंचरताना निघालेले केस बायका टाकत नाहीत, बोळा करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. लग्नाआधीचं ते गुंतवळ अजून तिच्या घरी तसंच होतं.

मी शेपट्यातला एक केस काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माणसाच्या केसात मधली नळी बारीक, तुटक असते. ही चांगली रुंद होती. आणखी चार केस पाहिले, तेही तसेच.

"हा जनावराचा केस आहे," मी म्हणालो. "हे गंगावन आहे, वेणीत घालायचं."

बाईनं एकदम हात जोडले. "मग ती माजी न्हवंच! आवं मास्तर, माज्या पोरीचं क्यास गुडघ्यापतूर. तिला गंगावन कशाला लागतंय?"

फौजदारांनी वही मिटली. ते दोघं तेव्हाच निघाले असते. पण माझ्यासमोर कुणीतरी आनंदानं रडत होतं, आणि ते माझ्यामुळे होतं. ही चैन मला ठाऊक नव्हती. मी म्हणालो, "थांबा, चहा घ्या. तोवर तुम्हाला दाखवतो गंमत."

गंमत! तो शब्द मला अजून टोचतो.

तिला दाखवायला म्हणून मी गंगावनाची वरची गाठ सोडली. तिच्यात पाचसहा आखूड केस गुंतले होते, जेमतेम चार बोटं लांबीचे. तेही सूक्ष्मदर्शकाखाली धरले. माणसाचे होते. शेजारी गुंतवळातला केस ठेवला. जाडी तीच, रंगाचे कण तसेच. केसावरून माणूस ओळखता येत नाही, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत होतो. त्या वेळी मी तेच वाक्य मनात धरून बसलो.

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "यात माणसाचेही केस आहेत. आखूड आहेत. मोठ्या तापात केस गळून नवे येतात, तसे. कुणाचे ते सांगता येणार नाही."

बाईच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं हळूच टेबलावर ठेवला.

"गुदस्ता कागद आला व्हता," ती म्हणाली. "ताप येऊन गेला, आता बरी हाय म्हनून. क्यासाचं काय लिवलं न्हवतं."

फौजदारांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. बाई बोलतच होती.

"दिवाळीला बोलावली, आली न्हाई. बेंदराला बोलावली, आली न्हाई. मी म्हनलं, पोरगी सासरी रमली, आईला इसरली. लय राग धरला मी तिच्यावर." तिनं काचेकडे बोट केलं, पण हात लावला नाही. "माज्यापाशी कशाला लाजायचं, बाई? मीच न्हाऊ घातली की तुला."